आर्सेनलचा २००७-०८ चा मोसम नेमका कुठे निसटला?

हायबरीकर

थिएरी हेन्री २००७ च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाला गेला, तेव्हा लंडनचा आर्सेनल हा फुटबॉल क्लब इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पहिल्या चारांत तरी राहील का, अशी शंका अनेकांनी बोलून दाखवली होती. प्रत्यक्षात वीस वर्षांचा सेस्क फाब्रेगास, त्याच्या शेजारी न थकता धावणारा मॅथ्यू फ्लामिनी, चेंडू पायाशी ठेवून वाट काढणारा अलेक्झांडर ह्लेब आणि पुढे इमॅन्युएल अदेबायोर यांनी असा खेळ दाखवला की तो पाहून आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी हा क्लब आपला मानला. डिसेंबरमध्ये मिडल्सब्रोने हरवेपर्यंत लीगमध्ये एकही पराभव नव्हता. २३ फेब्रुवारी २००८ रोजी बर्मिंगहॅमविरुद्ध मैदानात उतरताना संघ मँचेस्टर युनायटेडच्या पाच गुण पुढे होता आणि बारा सामने उरले होते. मे महिन्यात तक्ता लागला तो असा: युनायटेड ८७, चेल्सी ८५, आर्सेनल ८३.

बर्मिंगहॅमच्या त्या सामन्यात आघाडीवीर एदुआर्दोचा पाय मोडला आणि तिथेच मोसम संपला, असे सर्रास सांगितले जाते. मला ते स्पष्टीकरण पुरेसे वाटत नाही, कारण त्या सामन्यानंतरही आघाडी तीन गुणांची होती आणि दहा दिवसांच्या आत याच संघाने मिलानला त्यांच्याच सॅन सिरो मैदानावर हरवले. तो मोसम आठवड्यामागून आठवडा पाहिलेल्यांनी कृपया सांगावे, की संघ नेमका कशामुळे ढासळला?

डावाबचाव

एदुआर्दोच्या दुखापतीचे दुःख आणि त्या सामन्यातले गुण या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवतो. बर्मिंगहॅमच्या मार्टिन टेलरचा तो टॅकल तिसऱ्याच मिनिटाला झाला, एदुआर्दोच्या डाव्या पायाचे हाड मोडले, घोटा निखळला आणि कित्येक मिनिटे त्याच्यावर मैदानातच उपचार चालू होते. सोबतचे खेळाडू तोंड फिरवून उभे होते. परंतु टेलरला लाल कार्ड मिळाल्यामुळे बर्मिंगहॅम जवळजवळ संपूर्ण सामना दहा जणांनिशी खेळले, हे लोक विसरतात. त्यांच्या मॅकफॅडनच्या फ्री किकने आर्सेनल मागे पडले, तरी मध्यंतरानंतर थिओ वॉलकॉटने पाठोपाठ दोन गोल केले आणि भरपाई वेळेपर्यंत २-१ अशी आघाडी टिकवली.

त्यानंतर जे घडले ते मी स्वतः डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून पुन्हा पुन्हा पाहिले आहे. पेनल्टी क्षेत्रात चेंडू आर्सेनलचा डावा बचावपटू गाएल क्लिशीकडे आला, तो मोकळा होता आणि चेंडू मैदानाबाहेर फटकावण्यास त्याला पुरेसा वेळ होता. मागून कोणी येत आहे याची त्याला चाहूल नव्हती, म्हणून तो क्षणभर थांबला. तेवढ्यात बर्मिंगहॅमचा स्टुअर्ट पार्नबी आत घुसला आणि क्लिशीने घाईने पाय घातला. पंचांनी पेनल्टी दिली, मॅकफॅडनने ती साधली. अशा वेळी मागे पाहून "माणूस आहे" असे ओरडून सांगणे शेजारच्या बचावपटूचे काम असते आणि त्या क्षणी ती हाक कोणी दिली नाही.

त्याहून वाईट होते ते कर्णधार विल्यम गॅलासचे वागणे. पेनल्टी मिळताच त्याने जाहिरातीच्या फलकावर लाथ मारली, पेनल्टी घेतली जात असताना तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि सामना संपल्यावर तिथेच बसून राहिला. शेवटी व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांना मैदानात येऊन त्याला उठवावे लागले. संघातले अर्धे खेळाडू विशीतले होते. एका सोबत्याचा पाय मोडलेला त्यांनी नुकताच पाहिला होता आणि त्यांना धीर द्यायचा त्याच माणसाने सर्वांसमोर हाय खाल्ली. माझ्या मते संघ ढासळला तो इथे.

शाहूनगरी

डावाबचाव यांनी क्लिशीच्या चुकीचे केलेले वर्णन अचूक आहे, परंतु संपूर्ण वसंत ऋतूचा भार गॅलासच्या डोक्यावर ठेवणे मला अन्यायाचे वाटते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालीम संघांचा फुटबॉल हंगाम पाहणाऱ्या माणसाला राखीव खेळाडूंचे मोल वेगळे सांगावे लागत नाही, आणि आर्सेनलचा घात तिथेच झाला.

जानेवारी २००८ मध्ये मधल्या फळीतला लासाना दियारा पोर्ट्समथला विकला गेला. त्याच महिन्याच्या शेवटी न्यूकॅसलविरुद्धच्या एफए कप सामन्यात टोमास रोसिस्की जखमी झाला आणि त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ खेळू शकला नाही. रॉबिन व्हॅन पर्सी मोसमाचा मोठा भाग बाहेरच होता. कोलो टूरे, एबुए आणि साँग आफ्रिकन चषकासाठी घानाला गेले होते. त्याच काळात टॉटनहॅमने लीग कपच्या उपांत्य फेरीत ५-१ आणि युनायटेडने एफए कपमध्ये ४-० असे हरवले. हे दोन्ही निकाल बर्मिंगहॅमच्या आधीचे आहेत, हे लक्षात घ्यावे. म्हणजे संघ दमल्याची चिन्हे जानेवारीपासूनच दिसत होती, फक्त लीगमधल्या पहिल्या स्थानामुळे ती कोणी मनावर घेतली नाहीत. एक अनुभवी बचावपटू आणि एक आघाडीवीर जानेवारीत आला असता, तर चार गुणांची ती तूट भरून निघाली असती, असे मी आजही ठामपणे म्हणेन.

रात्रपाळी

शाहूनगरी, तुम्ही म्हणता तो खर्च करण्याची ऐपत क्लबकडे कितपत होती, याचाही विचार व्हायला हवा. २००६ मध्ये एमिरेट्स स्टेडियम उभे राहिले त्याचे कर्ज डोक्यावर होते, आणि वेंगर यांनी तरुण मुले घडवण्याचा मार्ग हौसेखातर निवडला नव्हता. त्याच मार्गामुळे आपल्याला फाब्रेगास, क्लिशी आणि फ्लामिनी पाहायला मिळाले.

मला मात्र बर्मिंगहॅमपेक्षा त्यानंतरचे तीन आठवडे अधिक सलतात. ॲस्टन व्हिलाशी १-१, तोही बेंटनरच्या अगदी शेवटच्या गोलमुळे. विगनच्या खराब मैदानावर ०-०. मग घरच्या मैदानावर मिडल्सब्रोशी १-१, ज्यात आर्सेनलमध्येच वाढलेल्या जेरेमी आलियाडिएरने गोल केला आणि टूरेने शेवटी शेवटी बरोबरी साधून दिली. बर्मिंगहॅम धरून सलग चार बरोबऱ्या, म्हणजे आठ गुण वाया गेले, आणि जेतेपद चार गुणांनी हुकले! या चारपैकी एकही सामना मोठ्या संघाविरुद्धचा नव्हता. मार्चच्या अखेरीस चेल्सीने २-१ असे हरवले. त्यात आधी गोल करून आघाडी मिळवून देणारा उजवा बचावपटू बाकारी सान्या जखमी होऊन बाहेर गेला आणि मग द्रोग्बाने दोन गोल केले.

सान्याच्या त्या दुखापतीची किंमत पुढे लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर मोजावी लागली. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीचा तो परतीचा सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू झाला होता. दियाबीने आघाडी मिळवून दिली, हायपिया आणि टोरेस यांनी ती उलटवली, आणि ८४ व्या मिनिटाला वॉलकॉट आपल्या पेनल्टी क्षेत्राजवळून चेंडू घेऊन निघाला. एकामागून एक बचावपटूंना मागे टाकत तो दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचला आणि अदेबायोरपुढे चेंडू असा ठेवला की त्याला फक्त पाय लावायचा होता. २-२. पहिला सामना १-१ असा सुटल्यामुळे एकूण बरोबरीत बाहेरच्या मैदानावरील गोलांना जास्त मोल देणाऱ्या तेव्हाच्या नियमाने आर्सेनल उपांत्य फेरीत जात होते. त्यानंतर दोन मिनिटेही झाली नसतील, तोच सान्याच्या जागी उजवीकडे खेळणाऱ्या टूरेने बाबेलला पाडले, जेरार्डने पेनल्टी साधली आणि शेवटी बाबेलनेच चौथा गोल केला. टूरे नेहमीच्या मधल्या जागी असता, तर बाबेलसमोर तो एकटा सापडला नसता.

हायबरीकर

तिघांचेही मनापासून आभार. सलग चार बरोबऱ्यांचा मुद्दा मला सर्वांत पटला, कारण त्या सामन्यांत चेंडू बहुतांश वेळ आपल्याकडेच होता आणि शेवटचा पास देणारा किंवा तो गोलमध्ये घालणारा माणूस मात्र सापडत नव्हता. गोलसमोर थंड डोक्याने चेंडू सारणे, हीच एदुआर्दोची खासियत होती. त्या अर्थाने दुखापतीचा परिणाम झाला, पण तो बर्मिंगहॅमच्या दिवसापेक्षा पुढच्या महिन्यात झाला, असे आता वाटते.

डावाबचाव

शाहूनगरी यांच्या यादीत मी एक भर घालतो. दियारा गेला तेव्हा फ्लामिनीचा करार त्याच उन्हाळ्यात संपत होता, हे उघड होते. मोसम संपताच फ्लामिनी एकही पैसा न मिळवून देता मिलानला गेला, ह्लेब बार्सिलोनाला गेला, गिल्बर्टोही गेला. ज्या मधल्या फळीने सॅन सिरोवर मिलानला त्यांच्याच घरात नमवले, ती अशी मोडली. पुढच्या मोसमात आर्सेनल ७२ गुणांसह चौथे आले. दियारा मात्र मे महिन्यातच पोर्ट्समथकडून एफए कपचा अंतिम सामना जिंकला होता.