रोजचा स्वयंपाक कमी पसाऱ्यात कसा उरकायचा? सल्ला हवाय

नमस्कार मंडळी, घरात स्वयंपाक मी आणि नवरा आलटून पालटून करतो, करायचा कंटाळा दोघांनाही नाही उलट आवडतंच, पण जेवणं झाली की ओट्याकडे बघवत नाही. सिंक भरून भांडी, बर्नरच्या आजूबाजूला उतू गेलेलं दूध वाळून कडक झालेलं, मागच्या टाइल्सवर तेलाचे शिंतोडे आणि कणीक मळलेलं भांडं तर कुणीच हातात घ्यायला तयार नसतं. आवरायला लागणारा वेळ हा करायच्या वेळापेक्षा जास्त होतोय. नवीन यंत्रं घ्यायची नाहीयेत, ठेवायला जागाच नाही. तुम्ही स्वतः रोज करता असे उपाय सांगा प्लीज, आणि त्यामागचं कारण माहीत असेल तर तेही लिहा म्हणजे लक्षात राहतं.

प्रतिसाद १

सगळं कापून झाल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही, माझ्या मते अर्धा पसारा इथेच वाचतो. कांदा तेलात पडलाय आणि आता लसूण सोलायला घेतलाय असं झालं की तेच चिकट हात डब्यांना, ड्रॉवरला, फ्रीजच्या हँडलला सगळीकडे लागतात. एक मोठा वाडगा शेजारीच ठेवायचा, सालं देठं थेट त्यात, शेवटी एकदाच रिकामा करायचा.

कापायचा क्रम पण ठरवा. आधी वास आणि रस नसलेल्या भाज्या, मग टोमॅटो वगैरे, मग कांदा लसूण, आणि मांस-मासे असतील तर अगदी शेवटी. असं केलं की बोर्ड मध्येमध्ये धुवावाच लागत नाही, एकदम शेवटी बोर्ड सुरी आणि हात साबणाने स्वच्छ. बोर्डखाली ओलं फडकं घट्ट पिळून पसरा म्हणजे तो सरकत नाही. सुरीला धार हवीच, बोथट सुरी निसटते आणि कांदा कापण्याऐवजी चिरडते, त्याने डोळ्यांत झोंबणारा वायू जास्त सुटतो. कांदा आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला तरी बराच फरक पडतो.

प्रतिसाद २

दुधाचं सांगते. तापताना वर साय धरते, खालून वाफेचे बुडबुडे येतात त्यांना सायीतून बाहेर पडता येत नाही, मग फेस वर चढतो आणि क्षणात बाहेर. म्हणून भांडं उंच घ्या आणि अर्ध्याच्या थोडं वरपर्यंतच भरा, वाफ यायला लागली की आच बारीक करून डावाने ढवळत राहायचं. वर लाकडी डाव आडवा ठेवतात त्याने थोडा वेळ मिळतो पण त्याच्या भरवशावर दुसऱ्या खोलीत जाऊ नका. दूध ओतायच्या आधी भांडं नुसतं पाण्याने विसळून ओलंच ठेवलं तर तळाला कमी चिकटतं.

आणि उतू गेलंच तर गॅस बंद करून बर्नर हात लावण्याइतका निवला की लगेच ओल्या फडक्याने पुसा. वाळू दिलं की मग खरवडत बसावं लागतं.

प्रतिसाद ३

कणकेच्या भांड्याचा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

त्यावर गरम पाणी ओतू नका. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगून त्याची खळ होते, प्रथिनं शिजून बसतात आणि जे सहज निघालं असतं ते भांड्याला आणि घासणीला दोन्हीला चिकटतं, घासणी तर फेकूनच द्यावी लागते. मी काय करतो, मळून झालं की चिमूटभर कोरडं पीठ घेऊन भांड्याच्या कडा आणि बोटं चोळतो, बरीचशी कणीक वळ्या होऊन सुटते ती गोळ्यातच मिसळते. उरलेल्यावर थंड पाणी घालून ठेवायचं, बाकी स्वयंपाक होईपर्यंत ते मऊ पडतं आणि नुसत्या बोटांनी निघतं. ते पाणी गाळून टाका, कणकेचे गोळे सिंकमध्ये गेले तर पाईप तुंबतो.

अंडं फेटलेलं भांडं, दुधाचं पातेलं, भाताचं भांडं सगळ्यांना हाच नियम, आधी थंड पाणी मग साबण. तेलकट भांड्यांना बरोब्बर उलटं, त्यांना गरम पाणी आणि साबण, पण आधी जुन्या कागदाने तेल पुसून काढा. तेल सिंकमध्ये ओतू नका, आत जाऊन थिजतं. दोन्ही प्रकारची भांडी एकाच ढिगात टाकली की स्टार्चची भांडी पण तेलकट होतात आणि काम दुप्पट, म्हणून सिंकमध्ये तेलकट काही ठेवायचंच नाही, ते ओट्यावर बाजूला.

प्रतिसाद ४

वरच्या प्रतिसादाला +१, पण भिजवून ठेवा म्हणजे रात्रभर नाही हं. सकाळपर्यंत वास मारतो आणि चिलटं येतात. बिडाचा तवा तर अजिबात भिजवू नका, गंजतो. लाकडी डाव आणि पोळपाट पण पाण्यात पडून राहिले की फुगतात, तडे जातात.

प्रतिसाद ५

शिंतोड्यांबद्दल. तेल उडत नाही, त्यात गेलेलं पाणी उडतं आणि जाताना तेल घेऊन जातं. पाण्याची वाफ झाली की तिला जवळजवळ १७०० पट जागा लागते, त्यामुळे एक थेंबसुद्धा पुरतो. भाज्या धुतल्यावर चाळणीत निथळून फडक्याने टिपून घ्या, कढईसुद्धा पुसून कोरडी करूनच तेल घाला. पसरट तव्याऐवजी खोलगट कढई वापरली की कडाच अडवतात. जाळीचं झाकण असेल तर उत्तम, वाफ जाते आणि तेल अडतं. साधं झाकण घट्ट लावलं तर आतून पाणी सुटून परत तेलातच पडतं, तेव्हा ते तिरकं ठेवा.

एक महत्त्वाचं, तापलेल्या तेलाने पेट घेतला तर पाणी कधीच टाकायचं नाही. गॅस बंद करायचा, वर धातूचं झाकण सरकवायचं, कढई उचलायची नाही आणि पूर्ण थंड होईपर्यंत झाकणही काढायचं नाही. घरातल्या मुलांनाही हे सांगून ठेवा.

धागाकर्ती

वा, खूपच मस्त माहिती, कोरड्या पिठाचं आज संध्याकाळीच करून बघते! अजून दोन विचारायचं राहिलं, कुकरच्या शिट्टीतून पांढरं पाणी येऊन झाकण आणि ओटा सगळा भरतो, आणि तळाला करपलेल्या भांड्याचं काय करायचं?

प्रतिसाद ६

कुकर जास्त भरताय का बघा. एरवी दोन तृतीयांशच्या वर भरायचा नसतो आणि भात, डाळ असं फेस येणारं काही असेल तर अर्ध्याच्या वर नाही, हा सुरक्षेचाही भाग आहे कारण फेसाने वाफेची वाट बुजू शकते. तांदूळ पाणी बऱ्यापैकी नितळ येईपर्यंत धुवा, वरचा सुटा स्टार्च निघून जातो. एक छोटा चमचा तेल घातलं की फेस कमी होतो, आणि आच मध्यम.

करपलेलं स्टीलचं भांडं असेल तर त्यात पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा आणि निवू द्या, मग लाकडी उलथन्याने ढकललं तरी पापुद्रे सुटतात. अॅल्युमिनियमच्या भांड्याला सोडा नको, ते काळं पडतं.

प्रतिसाद ७

उरलेल्या भाताचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. तो पातेल्यातच ठेवू नका, चपट्या डब्यात पातळ थर पसरून लवकर निवू द्या आणि शिजल्यापासून २ तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष नंतर गरम करूनही जात नाही. डबा काचेचा घेतला तर त्यातच गरम करता येतं आणि त्यातूनच वाढता येतं, दोन भांडी वाचली.

धागाकर्ती

हे माहीत नव्हतं, आजपासून डब्यात. टाइल्सवरचे जुने चिकट डाग कसे काढता?

प्रतिसाद २

गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून फडकं भिजवायचं, हलकं पिळून टाइल्सवर पसरून चिकटवायचं आणि दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग वरून खाली पुसायचं आणि नंतर कोरड्या फडक्याने एकदा. फार जुने असतील तर दोनदा करावं लागेल. तारेची घासणी लावू नका, चरे पडले की तिथेच परत तेल बसतं.