ताशी १०० वरून ८० वर

आपल्या मुंबई-गोवा हायवेवरची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटरवरून ८० वर आणावी, या सूचनेवर एक आक्षेप येतो: वेगमर्यादा उतरवली की गाडी खालच्या गियरमध्ये चालवावी लागते, मग डिझेल वाचणार कसं? हा मुद्दा घाटापुरता खरा आहे. पण कशेडी, परशुराम, भोस्ते या घाटांत गाड्या मुळातच हळू जातात, तिथे मर्यादेचा प्रश्न फारसा येतच नाही. आणि सपाट चौपदरी पट्ट्यात ८० ला गाडी आरामात टॉप गियरमध्ये असते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० वरून ८० वर आलात की तो ३६ टक्क्यांनी घटतो. अमेरिकेने १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची मर्यादा आणली ती तेलटंचाईमुळे, आणि त्या वर्षी तिथले अपघाती मृत्यूही बरेच घटले (लोकांचा प्रवासच कमी झाला होता, हेही कारण).

मला मात्र काळजी जिवांची आहे. आपला हायवे गावांमधून जातो. गणपतीला रात्रभर गाडी हाकत आलेला चाकरमानी, वर धो धो पाऊस, आणि समोर रस्ता ओलांडणारी म्हातारी! ८० ऐवजी ६० ने धडक बसली तर धडकेची ऊर्जा जवळजवळ निम्मी असते. नुसत्या पाट्यांनी वेग कमी होणार नाही. गावाच्या तोंडाशी कॅमेरे आणि रात्री चालू असलेले दिवे आधी हवेत.