चिनी ताईत-नाणी : आधी कुठलं पुस्तक?

चिनी ताईत-नाण्यांबद्दल, म्हणजे नाण्यासारख्या दिसणाऱ्या पण चलनात नसलेल्या ताइतांबद्दल, दोघातिघांनी ‘एकच पुस्तक घ्यायचं तर कुठलं?’ असं विचारलंय. माझं मत, अ‍ॅलेक्स फांग आणि फ्रांस्वा तिएरी यांनी संपादित केलेला २०१६चा इंग्रजी लेखसंग्रह. त्यात किमती शोधू नका. वटवाघूळ म्हणजे सुख का, तर दोन्ही शब्दांचा उच्चार ‘फू’, असल्या चित्र-शब्दांच्या गमती समजून घ्यायला तो आहे. तिएरींचं १९८७चं पुस्तकही चांगलं, पण फ्रेंचमध्ये.

वस्तू ओळखायला मात्र चिनी संदर्भग्रंथच लागतात. भाषा येत नसली तरी बिचकू नका. १९३८चा डिंग फुबाओंचा नाणेकोश घ्या, त्यात फोटोंऐवजी शाईचे ठसे (नाण्यावरून कागदावर उमटवलेली छाप) आहेत. अक्षराचं वळण ताडून बघायला ठसा फोटोपेक्षा सरस. धातूचा रंग, गंज यांबाबत तो मुका, आणि नकली माल नेमका तिथेच पकडायचा असतो!

माझ्याकडे ‘झोउ युआन थोंग बाओ’ अशी अक्षरं असलेला एक ताईत आहे, मागे ड्रॅगन आणि फिनिक्स. विकणाऱ्याने ‘हजार वर्षं जुनं नाणं’ म्हणून गळ्यात मारलं. या अक्षरांची मूळ नाणी इ.स. ९५५ पासून पाडली, तीही बुद्धमूर्ती वितळवून. म्हणून लोक त्यांना गुणकारी मानू लागले आणि पुढे कित्येक शतकं त्याच अक्षरांचे ताईत ओतले गेले. माझा त्यातलाच. मागे ड्रॅगन-फिनिक्सची जोडी दिसली की ते चलनातलं नाणं नव्हे, एवढं आधी वाचलं असतं तर पैसे वाचले असते.