मदत हवी आहे: मधुमेहींच्या डोळ्यातला ऑक्सिजन साध्या फंडस कॅमेऱ्यावर मोजता येतो का?

आर्वीकर
ग्रामीण रुग्णालयात फंडस कॅमेऱ्यानं मधुमेहींच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचे (रेटिनाचे) फोटो काढतो. रंगीत फोटोतल्या लाल-हिरव्या चॅनेलचं गुणोत्तर काढून धमनी-शिरेतला ऑक्सिजन पाहायचा आहे. पण एकाच डोळ्याचे लागोपाठचे दोन फोटो वेगवेगळे आकडे देतात. कुठं चुकून राहिलं?

पडदापाहणी
भाऊ, चॅनेलमध्येच घोळ आहे. रंगीत कॅमेऱ्याचे पट्टे रुंद असतात, एकमेकांवर चढतात. वर जेपेग फाइलमध्ये उजेडाचे आकडे बदललेले असतात. यासाठी अरुंद फिल्टरचे दोन फोटो एकाच फ्लॅशला लागतात. आइसलँडच्या ऑक्सिमॅप या पडद्यातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रात ते ५७० आणि ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडात निघतात. ५७० ला ऑक्सिजन असो-नसो, हिमोग्लोबिन सारखाच उजेड शोषतं. ६०० ला ऑक्सिजनवालं रक्त कमी शोषतं, म्हणून धमनी फिकी पडते, शीर गडदच राहते. लगतच्या पडद्याचा उजेड भागिले वाहिनीवरचा उजेड, त्याचा लॉग म्हणजे घनता. ६०० ची घनता भागिले ५७० ची; हे गुणोत्तर जितकं मोठं, तितका ऑक्सिजन कमी.

बाहुली ट्रॉपिकामाइडच्या थेंबांनी मोठी करा (आधी डोळ्याच्या पुढच्या भागातला, बुबुळाच्या कडेचा कोन अरुंद नाही ना, ते पाहा). खोली अंधारी, डिस्क (डोळ्याची नस पडद्यावर दिसते ती गोल जागा) दर फोटोत एकाच जागी. डिस्कच्या कडेपासून थोडं दूर मोजा. फाटे, छेद आणि वाहिनीच्या मधोमध चमकणारी रेघ टाळा. बारीक वाहिन्या आणि मोतीबिंदू आकडा हमखास बिघडवतात.

आर्वीकर
शिरेतला ऑक्सिजन जास्त आला तर चांगलंच ना?

पडदापाहणी
नाही! निरोगी डोळ्यात धमनीत साधारण ९२ टक्के, शिरेत ५५ च्या आसपास. रेटिनोपॅथीत (मधुमेहानं पडदा बिघडतो तेव्हा) शिरेतला वाढतो, कारण केशवाहिन्या बंद पडतात आणि रक्त आडवाटेनं तसंच परत फिरतं. साखर चिकटलेलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजन घट्ट धरतं. पडदा उपाशीच. बोटावरच्या ऑक्सिमीटरला यातलं काही कळत नाही.

सेवाग्राम_रोड
आपल्याकडे सिकलसेल (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) विसरू नका. रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी, मग इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करून ते रुग्ण वेगळे ठेवा. आजार असेल तर लाल पेशी लवकर मरतात, एचबीए१सी (सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) खोटा कमी येतो. शिवाय सिकलसेल स्वतःही पडदा बिघडवतो.

आणि पडद्यातला ऑक्सिजन मोजायची ही चाचणी अजून संशोधनापुरती आहे, उपचार तिच्यावर ठरवू नका. आहे त्या कॅमेऱ्यावर दर डोळ्याचे दोन फोटो घ्या, एक मॅक्युला (पडद्याचा मधला, स्पष्ट दिसण्याचा भाग) मधोमध, एक डिस्क मधोमध. मॅक्युलाजवळ पिवळे ठिपके दिसले की नेत्रतज्ज्ञाकडे लगेच पाठवा.