एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१, तरी विसर वाढतोय. डिमेन्शियाच धरायचा का?

शुश्रूषा_नगर: वय ७६, मधुमेह २० वर्षं. ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन ५००, व्होग्लिबोज ०.२ अशी तिन्हींची एकच गोळी, सकाळ-संध्याकाळ. सहा महिन्यांपासून तोच प्रश्न चारदा विचारणं, दुपारी बाराच्या सुमारास चिडचिड, गोंधळ. जेवल्यावर माणूस ताळ्यावर. शुगर तर छान आहे, मग हे काय?

औषधवाला: ६.१ छान नाही, या वयात या गोळीवर फार खाली आहे. पोटात अन्न असो-नसो, ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतंच. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वाढलेलं असलं तर धोका आणखी. म्हाताऱ्या माणसाची शुगर उतरली की थरथर, घाम दिसेलच असं नाही. नुसता गोंधळ दिसतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. गोंधळ दिसला की त्याच मिनिटाला बोट टोचून बघा. ७० च्या खाली असेल तर पहिला संशय गोळीवर. आठवडाभर जेवणाआधीची आणि दोन-तीनदा पहाटे ३ ची शुगर लिहून वही डॉक्टरांना दाखवा. विसर पडणाऱ्यांना एचबीए१सी ८ च्या आत असलं तरी पुरतं. अकॉर्ड-माइंड या मधुमेहींवरच्या संशोधनात एचबीए१सी ६ च्या खाली आणायचा आटापिटा करूनही ४० महिन्यांनी स्मरणशक्तीला फायदा दिसला नव्हता. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

लॅब_काकू: बी१२ करून घ्या, २०० च्या खाली म्हणजे कमतरता. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असलं की बी१२ घटतं, शाकाहाऱ्यांत जास्तच, आणि विसर त्यानेही पडतो. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिनही बघा. लोह किंवा बी१२ कमी असलं की एचबीए१सी खोटं वर दिसतं. म्हणजे खरी शुगर ६.१ पेक्षाही खाली असू शकते!

शुश्रूषा_नगर: उतरली तर साखर देऊ ना?

औषधवाला: व्होग्लिबोज चालू असताना साखर, बिस्कीट लवकर चढत नाही, साखर फोडणारं विकरच ते अडवतं. घरात साधी ग्लुकोज पावडर हवी. १५ ग्रॅम, म्हणजे साधारण ४ छोटे चमचे, अर्धा कप पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, ७० च्या आत असेल तर पुन्हा तेवढीच. मग जेवण. गुंगीत असतील तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना.

आणि गोळ्यांच्या पट्ट्या त्यांच्या हाताशी ठेवू नका. घेतलेली गोळी विसरून दुसरी घेतली जाते, शुगर उतरते, विसर आणखी वाढतो. सात खणांचा डबा दुसऱ्याने भरायचा आणि प्रत्येक वेळची गोळी समोर उभं राहून द्यायची.