सरावाविना खेळणारा लेडली किंग

कुणीतरी म्हटलंय की फुटबॉलमध्ये सतत जायबंदी होणारा डिफेंडर, म्हणजे बचावपटू, ही क्लबच्या गळ्यातली धोंड. मग इंग्लंडच्या टॉटनम क्लबच्या लेडली किंगचं काय करायचं? गुडघ्यातली कूर्चा झिजलेली, त्यामुळे शेवटची काही वर्षं संघाबरोबर सराव जवळपास बंद. आठवडाभर पोहणं, जिम आणि मग थेट सामना! तरी २००८चा लीग कप त्याच्याच कप्तानीखाली आला, तोही चेल्सीला हरवून. त्याआधी २००६मध्ये चेल्सीचाच रॉबेन बॉल घेऊन एकटाच गोलकडे सुटला होता. किंगने मागून धावत गाठलं आणि बॉल अलगद काढला, फाउलबिऊल काही नाही. २०१२मध्ये, ३१व्या वर्षी, थांबला बिचारा. निम्मेच सामने खेळला तरी मला चालेल असा डिफेंडर. मुंबईत कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून उतरणाऱ्यांना विचारा, सोमवारी दादरचा पूल उतरताना काय होतं ते.