लिनक्ससाठी मेकॅनिकल कीबोर्ड: लेयर कीबोर्डात असावेत की संगणकात?

मुळाक्षर
गेली नऊ वर्षं घरी आणि कामावर मी लिनक्सच वापरतो. या काळात चार मेकॅनिकल (प्रत्येक कीखाली वेगळा स्विच असलेले) कीबोर्ड घेतले, त्यातले दोन चुकले. कुणाचे तरी पैसे वाचावेत म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिला गेमिंगवाल्यांचा होता. मॅक्रो (एका कीवर बसवलेली कींची मालिका), लेयर (एक की धरली की बाकीच्यांना मिळणारा दुसरा अर्थ), दिवे, सगळं कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून ठरवायचं आणि ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं. मित्राच्या लॅपटॉपला लावून कॅप्स लॉकचं कंट्रोल करून घेतलं. घरी आणून जोडला, तर कॅप्स लॉक पुन्हा कॅप्स लॉकच. बदल कीबोर्डात उतरलाच नव्हता, विंडोजमधल्या त्या प्रोग्रॅमपाशीच राहिला होता.

दुसरा बिनतारी, देखणा, मॅकवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला. त्यावर एफ५ दाबलं की पान रिफ्रेश व्हायचं नाही, दिव्यांचा उजेड कमी व्हायचा. दोन दिवस शोधल्यावर कारण कळलं. काही कीबोर्ड यूएसबीवर आपली ओळख अ‍ॅपलचा कीबोर्ड अशीच सांगतात. लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, मग त्यांना एचआयडी-अ‍ॅपल हा ड्रायव्हर लावतो आणि वरच्या ओळीला मीडिया की समजतो. त्या मॉड्यूलचा एफएनमोड २ केला की एफ-की परत येतात. पण ती ओळ मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये घालायची आणि इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना आधी चढणारी छोटी सिस्टीम) पुन्हा बनवायचं, हे नव्या माणसाला कसं सुचणार?

त्यानंतरचे दोन्ही क्यूएमके या फर्मवेअरचे (कीबोर्डातच राहणाऱ्या सॉफ्टवेअरचे) घेतले आणि सुटलो. त्यात कोणती की काय पाठवणार हे कीबोर्डातली चिपच ठरवते. ऑपरेटिंग सिस्टीमला काही सांगावंच लागत नाही. माझा कोलमॅक लेआउट (नेहमीच्या क्वर्टीऐवजी इंग्रजी अक्षरांची वेगळी मांडणी), बाणांचा लेयर, कॅप्सच्या जागी कंट्रोल, सगळं घेऊन मी कुठल्याही मशीनवर बसतो.

म्हणून माझं मत ठाम आहे: लिनक्स वापरत असाल तर क्यूएमके किंवा झेडएमके (तसंच दुसरं फर्मवेअर) नसलेला मेकॅनिकल कीबोर्ड घेऊच नका. बिनतारी हवा असेल तर झेडएमके, तारेचा चालत असेल तर क्यूएमके. विरोध असेल त्यांनी जरूर लिहा.

टर्मिनलवाला
पूर्ण असहमत, आणि आठ-दहा हजारांचा प्रश्न आहे म्हणून जरा जोरातच बोलतो.

दादा, तुम्ही जे कीबोर्डात शोधताय ते लिनक्समध्ये आधीपासून आहे. कीडी हा प्रोग्रॅम घ्या. तो सर्व्हिस म्हणून खाली, कर्नलच्या इनपुटच्या पातळीवर बसतो. त्यामुळे एक्स असो, वेलँड असो (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या लिनक्सच्या दोन व्यवस्था) की साधा काळा कन्सोल, सगळीकडे चालतो. कॅप्स दाबून धरलं तर कंट्रोल आणि नुसतं टिचकवलं तर एस्केप, हे एका ओळीत होतं. लेयर हवेत तेवढे करा. माझा कीबोर्ड अडीच हजारांचा, तपकिरी स्विचचा, कसलंही सॉफ्टवेअर नसलेला. गेली चार वर्षं हेच चाललंय.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लॅपटॉप. रेल्वेत किंवा ग्राहकाच्या ऑफिसात तुम्ही तो जड कीबोर्ड काढून बसता का? तिथे लॅपटॉपचाच कीबोर्ड वापरावा लागतो आणि त्यात तुमचं क्यूएमके नाही. बोटांना एक सवय घरी आणि दुसरी बाहेर. माझी एकच फाइल दोन्हीकडे लागू होते.

मुळाक्षर
लॅपटॉपचा मुद्दा मान्य. पण तुमची डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे का? माझी आहे. मशीन सुरू होताना पासवर्ड विचारला जातो तेव्हा सिस्टीम उठलेलीच नसते. कीडी नाही, माझ्याकडे तर लेआउटही नाही. लांबलचक पासवर्ड क्वर्टीत मारायचा आणि पाच सेकंदांनी कोलमॅकवर यायचं. फर्मवेअरमध्ये असलं की बायोसपासूनच बोटं आपल्या घरात असतात.

आणि ब्लूटूथ घेणाऱ्यांनी हे आवर्जून वाचा. बहुतेक ठिकाणी त्या पासवर्डच्या क्षणी ब्लूटूथ जागं झालेलं नसतं, म्हणजे कीबोर्ड मुकाच. तार किंवा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल असेल तरच आत जाता येतं. निव्वळ ब्लूटूथवर चालणारा कीबोर्ड एन्क्रिप्टेड डिस्कवाल्याने घेऊ नये.

सातपुडा
ब्लूटूथबद्दल भर घालतो. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक डोकेदुखी. ब्लूटूथचा अ‍ॅडॉप्टर तोच, पण जोडणीची गुप्त किल्ली प्रत्येक सिस्टीम आपापली ठेवते. विंडोजमध्ये जोडला की लिनक्समधली जोडणी तुटते, आणि उलटही. ती किल्ली एकीकडून दुसरीकडे हाताने नक्कल करता येते, मी केलीय. रोज कुणाला सांगणार नाही.

मूळ वादात मी टर्मिनलवाल्यांच्या बाजूने. माझ्याकडे आयबीएमचा जुना मॉडेल एम आहे, १९८५ साली बाजारात आलेल्या घराण्यातला. त्यात विंडोजची कीच नाही, कारण ती की १९९४ साली मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डबरोबर आली. नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये तर सगळा कारभार त्याच कीवर, तिथे तिला सुपर म्हणतात. मी एक्सकेबीत (लिनक्समधली कींची मांडणी ठरवणारी सोय) कॅप्स लॉकलाच सुपर केलं, मिनिटाचं काम. अख्ख्या घराला ऐकू जाईल असा त्याच्या स्प्रिंगचा आवाज आहे आणि त्यावर टाइप करताना आजही छान वाटतं. मुळाक्षर, तुमच्या नियमाने हा कीबोर्ड बाद ठरतो. मला ते पटत नाही.

वाशिष्ठी
आमच्याकडे पावसाळ्यात काय होतं ते सांगते, मग फर्मवेअरची किंमत कळेल. घर खाडीपासून जवळ. तिसऱ्या पावसाळ्यात माझ्या कीबोर्डाची 'एन' दोनदा उमटायला लागली. मराठी मांडणीत तिथे 'ल' असतो, एकदा दाबलं की 'ल' दोन. स्विचमधली धातूची पट्टी हवेतल्या ओलीने आणि खाराने खराब झाली की संपर्क थरथरतो आणि एका दाबाचे दोन होतात.

क्यूएमकेत डिबाउन्स, म्हणजे ही थरथर थांबेपर्यंत थांबायची वेळ, ठरवता येते. मुळात ती ५ मिलिसेकंद असते. मी वाढवून १५ केली आणि त्यावर दोन महिने काढले. नंतर तो एक स्विच बदलला. बोर्ड हॉटस्वॅप असल्याने चिमट्याने जुना स्विच उपटला आणि नवा दाबला, सोल्डरिंग लागलंच नाही. नवीन स्विच मुद्दाम बॉक्स प्रकारचे घेतले. त्यात दांड्याभोवती चौकट असते आणि संपर्क अधिक झाकलेला राहतो. यंदाचा पावसाळा बिनतक्रार गेला.

कोकण, गोवा, मुंबईच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हॉटस्वॅप आधी बघावं, बाकी वाद नंतर.

टर्मिनलवाला
ताई, दोनदा उमटण्यावर नोम आणि केडीई या दोन्ही डेस्कटॉपांत सुलभतेच्या सेटिंगमध्ये बाउन्स कीज आहे. एकाच कीचे लागोपाठचे दाब ठरावीक वेळेपुरते दुर्लक्षित करायचे. त्यासाठी फर्मवेअर लागत नाही. हॉटस्वॅपबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

आणखी एक. 'क्यूएमके आहे' असं खोक्यावर छापलं म्हणून भुलू नका. क्यूएमके जीपीएल परवान्याचं आहे. त्यात बदल करून विकणाऱ्याने बदललेला सोर्स कोड द्यायला हवा. काही बनवणारे तो देत नाहीत, विशेषतः बिनतारी मॉडेलचा. मग तुम्ही स्वतः फर्मवेअर बांधायला गेलात की तार चालते आणि ब्लूटूथ गायब. बंद सॉफ्टवेअरला कंटाळून लिनक्सवर आलेल्या माणसाने पुन्हा अशी बंद पेटीच विकत घ्यायची?

मुळाक्षर
सोर्सचा मुद्दा बरोबर आहे. माझी शिफारस अशी दुरुस्त करतो: घेण्याआधी त्या मॉडेलचं नाव क्यूएमकेच्या मुख्य कोडसाठ्यात आहे का ते शोधा. असेल तर निश्चिंत.

अवग्रह
एवढी चर्चा झाली, पण आपण ज्या भाषेत ती करतोय ती या कीबोर्डांवर टाइप कशी करायची, हे कुणीच विचारलं नाही. मी मराठी मजकुराचं अक्षरजुळणीचं आणि मुद्रितशोधनाचं काम करते, रोज सहा-सात तास, इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या कीबोर्ड-मांडणीत, लिनक्सवर. माझा आक्षेप दोघांवरही आहे.

'दऱ्याखोऱ्या' हा शब्द घ्या. इनस्क्रिप्टमध्ये बोटं अशी जातात: ओ, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई, शिफ्ट-के, ए, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई. शिफ्ट-जे म्हणजे नुक्त्याचा ऱ, डी म्हणजे हलन्त, स्लॅश म्हणजे य. ऱ, हलन्त आणि य मिळून तो चंद्रकोरीसारखा ऱ्य होतो. इंग्रजी टाइप करणारा स्लॅशला दिवसातून दोनदा हात लावत असेल. माझा हात तिथे प्रत्येक ओळीत जातो.

च सेमीकोलनवर. ट अवतरणचिन्हाच्या कीवर. ड उघडत्या चौकटी कंसावर. ऑफिसातला तो ॉ बॅकस्लॅशवर. कृपेतला ृ बरोबरच्या चिन्हावर. हल्ली बेचाळीस कींचे दुभंग कीबोर्ड आणि चाळीस टक्केवाले छोटे बोर्ड फार गाजतात. त्यांत यांतल्या कंस, बॅकस्लॅश आणि बरोबरच्या चिन्हाच्या की काढून लेयरखाली टाकलेल्या असतात, कारण इंग्रजीला त्या कमी लागतात. तसल्या बोर्डावर 'गाडी', 'डोळा', 'आवडलं' लिहायला दर वेळी अंगठ्याने लेयर धरावा लागतो. मी तीन आठवडे प्रयत्न केला. मनगट दुखायला लागल्यावर तो परत दिला.

आकड्यांची ओळही हवीच. शिफ्टबरोबर ५, ६, ७, ८ वर ज्ञ, त्र, क्ष, श्र बसलेले आहेत. ही जोडाक्षरं आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅममधल्या एम१७एनच्या इनस्क्रिप्टमध्ये मिळतात. नुसत्या एक्सकेबीत एका दाबाला एकच वर्ण निघतो, म्हणून तिथे ती जोडूनच टाइप करावी लागतात.

आता मुळाक्षरांसाठी खास. तुम्ही कोलमॅक फर्मवेअरमध्ये बसवलाय. मराठीत लिहायला गेल्यावर काय होतं?

मुळाक्षर
खरं सांगतो, घरी मराठी मी फोनवरच लिहीत आलो. तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री इनस्क्रिप्ट लावून पाहिलं. सगळं विस्कटलं. डाव्या हाताखाली स्वर आणि उजव्या हाताखाली व्यंजनं ही जी इनस्क्रिप्टची घडी आहे, तीच मोडली. कारण कळतंय: कीबोर्ड फक्त कीचा क्रमांक पाठवतो, क की के हे संगणक ठरवतो. माझं फर्मवेअर आधीच क्रमांक उलटसुलट करून पाठवतं आणि इनस्क्रिप्ट ते क्वर्टीच्या जागा समजून वाचतं.

मराठीसाठी फर्मवेअरमध्ये वेगळा क्वर्टी लेयर ठेवता येईल. मग भाषा बदलताना लेयरही बदलायचा.

अवग्रह
म्हणजे दोन बटणं, आणि त्यांतलं एक विसरलं की पानभर कचरा. दोन भाषांत लिहिणाऱ्याने अक्षरांची मांडणी संगणकातच ठेवावी. तिथे इंग्रजी कोलमॅक आणि मराठी इनस्क्रिप्ट एकाच बटणाने आलटून पालटून येतात, एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. जी की भाषेप्रमाणे बदलत नाही, कंट्रोल, बाण, एस्केप, ती खुशाल फर्मवेअरमध्ये ठेवा.

टर्मिनलवाला
हे मी पहिल्यापासून सांगतोय.

अवग्रह
नाही, तुम्ही कुठलाही स्वस्त कीबोर्ड चालेल म्हणालात. पासष्ट टक्क्यांच्या (कमी कींच्या) बऱ्याच बोर्डांवर उजवा ऑल्ट एफएनसाठी खर्ची घातलेला असतो आणि साध्या बोर्डावर ते बदलता येत नाही, कारण एफएन संगणकापर्यंत पोचतच नाही. कीडीला जी की दिसतच नाही तिचं तो काय करणार? भारतीय इंग्रजी लेआउटमध्ये रुपयाचं चिन्ह त्याच उजव्या ऑल्टसोबत ४ वर आहे. माझ्या बिलांवर ते रोज लागतं. क्यूएमके असलं की एफएन दुसरीकडे हलवता येतो. इथे मुळाक्षर बरोबर आहेत.

नवीन_सभासद
मी आईसाठी बघतोय. ती निवृत्त शिक्षिका आहे, मराठीतच लिहिते, तिला जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून दिलंय. तिला लेयर-बियर काही नको. तर काय घ्यावं?

अवग्रह
तारेचा, ८७ कींचा टेनकीलेस. कंस, बॅकस्लॅश, बरोबर, उजवा ऑल्ट सगळं जागच्या जागी मिळेल आणि आकड्यांचा वेगळा पट्टा नसल्याने माउस जवळ राहील. हॉटस्वॅप मिळाला तर उत्तम. स्विच हलके घ्या, साधारण ४५ ग्रॅमचे, वयस्कर बोटांना बरे पडतात. कीकॅपवर देवनागरी छापील मिळणं मुश्किल. मी एका काकूंना पारदर्शक स्टिकर लावून दिले होते, तीन महिन्यांनी त्यांनी स्वतःच काढले. एक मात्र जपा: कीकॅप लवकर गुळगुळीत न होणाऱ्या पीबीटी प्लास्टिकचे घ्या आणि एफ व जे वरच्या उंचवट्याच्या रेघा बोटाला नीट लागतात ना, ते दुकानात हात फिरवून बघा. इनस्क्रिप्टमध्ये त्या ि आणि र च्या की. आईंचा हात तिथूनच निघणार आहे.

मुळाक्षर
रविवारी कोलमॅक फर्मवेअरमधून काढून एक्सकेबीत टाकला. बूटचा पासवर्ड आता क्वर्टीत मारावा लागतो. मला ते अजून खुपतंय, आणि लेयर कीबोर्डातच असावेत हे मत बदललेलं नाही. पण हा प्रतिसाद त्याच कीबोर्डावर, इनस्क्रिप्टमध्ये लिहिलाय. पाऊण तास लागला. ड शोधायला अजून खाली बघावं लागतं.